सोयराच्या दिव्याची वायर

मित्रांनो, हेदवाडीत कधी आलात तर पोशाच्या अंगणात मी तुम्हाला दिसेन, आणि कपडे वाळत घालायची दोरी समजून तुम्ही पुढे निघून जाल. जा, माझी तक्रार नाही. पण घटकाभर थांबून नीट पाहिलंत, तर माझ्या अंगावरचा विटलेला लाल आणि विटलेला पिवळा रंग तुमच्या लक्षात येईल. मी दोरी नाही. मी एक जुनी वायर आहे, दोन पदरांची, पीळ घातलेली, पोटात केसाएवढ्या बारीक तांब्याच्या तारा असलेली. अंगावर जागोजागी काळ्या चिकटपट्टीचे सांधे आहेत, ते माझ्या वयाचे आणि भोगाचे समजा. आज माझ्यावर लुगडी नि टॉवेल वाळतात. एके काळी मी गाणी वाहिली, आणि मग थोडे दिवस उजेडही वाहिला. त्या थोड्या दिवसांची गोष्ट मला सांगायची आहे. वायर बोलायला लागली की लांबण लावते, तेवढं सांभाळून घ्या.

माझा जन्म मुंबईकडच्या एका कारखान्यात झाला. तिथलं मला फारसं आठवत नाही. कुठल्याशा गरम नळीतून बाहेर आले, पीळ बसला, भेंडोळं झालं आणि एका टेंपोत पडले. डोळे उघडले ते चौकला. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरचं हे गाव म्हणजे ढाबे, गॅरेजं आणि रात्रंदिवस धावणारे ट्रक. तिथे गजाचं गॅरेज होतं. गजा ट्रकच्या बॅटऱ्या भरून द्यायचा, आणि लग्नाच्या हंगामात लाऊडस्पीकर भाड्यानं लावायचा. त्याच्या मशीनपासून झाडावर बांधलेल्या कर्ण्यापर्यंत मी जायचे.

काय दिवस होते ते. सनई, बँड, सिनेमाची गाणी, मधेच कुणाचं तरी पाकीट हरवल्याची सूचना, सगळं माझ्या पोटातून जायचं आणि मला गुदगुल्या व्हायच्या. वऱ्हाडातली माणसं माना वर करून कर्ण्याकडे बघायची. माझ्याकडे कुणी ढुंकून बघत नसे. पण गजा माझं भेंडोळं करताना म्हणायचा, "हिच्याबिगर कर्णा मुका हाय." एवढं एक वाक्य मला वर्षभर पुरत असे.

मग एका मांडवात बकरीनं मला चावलं. दुसऱ्या मांडवात कुणीतरी माझ्यावरून बैलगाडी नेली. गजानं सांधे मारले, पट्टी गुंडाळली, पण गाण्यात खरखर यायला लागली. त्यानं नवी काळी वायर आणली आणि मला खिळ्याला टांगलं. तिथे माझ्यावर धूळ साचली, कोळ्यानं जाळं विणलं. खोटं कशाला बोलू, मला फार वाईट वाटलं. रस्त्यावरून वरातीची गाणी जायची आणि मी खिळ्यावर नुसती ऐकायचे.

चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशी साल असावं. एके दिवशी पोशा गॅरेजात आला. हा हेदवाडीचा ठाकर. माथेरानच्या हॉटेलांत पाहुण्यांचं सामान डोक्यावरून वाहायचा. वाडी माथेरानच्या पायथ्याशी आहे, तेव्हा सकाळी चढायचं आणि संध्याकाळी उतरायचं, हा त्याचा रोजचा रस्ता. त्यानं गजाला विचारलं, "गजाशेट, जुनी वायर हाय का रं एखादी?"

"वायर? तुझ्या वाडीला लाईट कवा आली?"

"लाईट नाय आली. सोयराचा दिवा आलाय."

गजानं पाना खाली ठेवला. मीही कान टवकारले.

मित्रांनो, सोयर म्हणजे काय ते तुमच्या आजीला ठाऊक असेल. घरात मूल जन्मलं की काही दिवस त्या घराचा विटाळ पाळतात, बाकीचे लोक तिथे बसत-उठत नाहीत, त्याला सोयर म्हणतात. हेदवाडीत पाचवी पुजली की सोयर फिटतं. आणि हेदवाडीत सोयराचा दिवा कसा आला, ते पोशानं सांगितलं ते असं.

खोपोलीकडून निघालेल्या विजेच्या जाड तारा उंच मनोऱ्यांवरून हेदवाडीच्या डोक्यावरून जातात. थेट मुंबईला जातात. खाली वाडीत मात्र रॉकेलच्या चिमण्या. घरं कारवीच्या कुडांची, शेणानं सारवलेली, खिडकी नावाला नाही. भर दुपारीसुद्धा आत शिरलं की डोळ्यांना काही वेळ काही दिसत नाही. अशा वाडीत कर्जतच्या एका संस्थेचे टिपणीस साहेब एक निळा काचेचा पत्रा घेऊन आले. तो उन्हात ठेवला की बॅटरी भरते आणि बॅटरीवर एक छोटी ट्यूब लागते. वरच्या अंगाला पदूचं घर आहे, तिथे दिवसभर ऊन असतं, म्हणून पत्रा पदूच्या छपरावर बसवला. पदू वाडीतला सगळ्यांत वडीलधारा माणूस. शिडीवरून साहेबांनी सांगितलं, "मंडळी, हा सौर दिवा आहे."

खाली चंद्राबाई उभी होती. ही वाडीची सुईण. आजूबाजूच्या चार वाड्यांतली पोरं हिच्या हातावर जन्मलेली. तिनं विचारलं, "सोयराचा?"

साहेब स्क्रू पिळत होते. त्यांना वाटलं, बाई तोच शब्द आपल्या बोलीत म्हणतेय. ते म्हणाले, "हो, सौर. आता याच्याखाली सगळ्यांनी रोज संध्याकाळी बसायचं."

सोयराच्या दिव्याखाली सगळ्यांनी का बसायचं, हे कुणालाच कळलं नाही. शिकलेल्या माणसाच्या डोक्यात काय असतं कोण जाणे, असं म्हणून लोकांनी ते सोडून दिलं. पण चंद्राबाई तिथेच उभी राहिली. ती म्हणाली, "आजवर लय लोकं आली. रस्ता देतो म्हणली, शाळा देतो म्हणली. बाळंतिनीच्या अंधाराचं कुनी इचारलं नवतं. ह्यास्नी कसं कळलं असंल गं?" आणि तिनं पदराला डोळे पुसले.

त्या दिवसापासून वाडीनं नियमच केला. ज्या घरात बाळंतीण, त्या घरात दिवा. बाळंतपणाच्या आधी टांगायचा तो पाचवीपर्यंत. बाकीच्या दिवशी तो पदूच्या ओटीवर उगाच लटकत असायचा. त्याच्याखाली कुणी बसत नसे.

"साहेबानं दिलेली वायर पदूबाच्या घरापुरतीच हाय," पोशा म्हणाला. "माझं घर खालच्या अंगाला, वहाळापाशी. मंगळीला दिवस गेलंत."

गजानं खिळ्यावरून मला उतरवलं, फुंकर मारून धूळ उडवली. "ही ने. लई गाणी वाहिलीत हिनं. उजेड नाय वाहनार?"

किती लांब न्यायची ते त्यानं विचारलं नाही आणि पोशानं सांगितलं नाही. मी तर खुशीत होते. खिळ्यावरून सुटका झाली, आणि तीही उजेड वाहायला. पोशाच्या खांद्यावरून चढणीला लागताना मी मनात म्हटलं, गाणं काय, मांडव उठला की संपतं. उजेडाचं काम त्याहून मोठं.

पहिल्यांदा मला दिवस भरलेल्या जनीच्या घरी नेलं. ते पदूच्या शेजारीच. दिवा लागला आणि जनीची सासू कुडाकडे बघून म्हणाली, "बाई गं, एवढी जळमटं व्हती व्हय आमच्या घरात." सगळे हसले. जनीला मुलगा झाला. चंद्राबाईनं बाळाची बोटं दिव्याखाली एक एक करून पाहिली. मला हात लावून ती म्हणाली, "गुणाची हाय गं." पुन्हा वर्षभर पुरेल असं वाक्य मिळालं.

पण वाडी उताराला लांबत गेलेली. पुढची बाळंतीण आणखी खाली, त्यापुढची आणखी खाली. प्रत्येक वेळी पोशा मला आणखी तुकडे जोडायचा. कुठला रेडिओचा, कुठला सायकलच्या डायनामोचा. नुसता पीळ मारायचा आणि वर पट्टी. झाडाला वळसा, गोठ्याला वळसा, अशी मी लांबत लांबत गेले. आणि दिवा मात्र दर वेळी थोडा कमी उजळ. लोकांना ते लक्षात आलं नाही, चिमणीपेक्षा बरा होता ना. मला मात्र कळत होतं. गाणी जाताना गुदगुल्या व्हायच्या, आता सांध्या-सांध्याला कणकण वाटायची, अंगात बारीक ताप असल्यासारखी.

आता मंगळीविषयी सांगायला हवं. मंगळी पोशाची बायको. घरात कमी बोलणारी, पण एकदा बोलली की मागे न घेणारी. तिचं पहिलं बाळ जगलं नव्हतं. सौर दिवा यायच्या आधीची गोष्ट. चिमणीच्या उजेडात, धुरात, बाळाच्या गळ्याभोवती नाळ गुंडाळलेली होती ती चंद्राबाईला वेळेवर दिसली नाही. चंद्राबाईनं हे कुणापासून लपवलं नाही. ती मंगळीच्या उशाशी बसून म्हणाली होती, "मला दिसलंच नाय गं." तेव्हापासून मंगळी चंद्राबाईशी पूर्वीसारखीच वागायची, पण संध्याकाळी चिमणी लावताना तिचा हात थांबायचा. आता पुन्हा तिचे दिवस भरत आले होते, आणि या खेपेला दिवा होता. त्या दिव्यावर तिनं सगळा भरवसा टाकला होता.

शिमग्याला थोडेच दिवस उरले होते. पोशानं मला सगळ्यांत लांब ताणलं, पदूच्या घरापासून वहाळापर्यंत, म्हणजे ओढ्याकाठच्या त्याच्या घरापर्यंत. दिवेलागणीला त्यानं दिवा जोडला.

मित्रांनो, मी जीव तोडून प्रयत्न केला. पण ट्यूबच्या दोन टोकांना नुसती तांबूस धुगधुगी आली, विझत्या निखाऱ्यासारखी, आणि एकदा थरथरून तीही गेली. पोशानं काढून परत जोडलं. पुन्हा तेच. मंगळी भिंतीला टेकून बसली होती. तिनं दिव्याकडे बघितलं, मग उठून नेहमीची चिमणी पेटवली. त्या चिमणी पेटवण्यानं मला जितकं लागलं, तितकं बकरीच्या चावण्यानं लागलं नव्हतं.

मग माणसांनी माणसांसारखं केलं, दोष द्यायला माणूस शोधला. पदूच्या घरी तोच दिवा झकास लागायचा, म्हणजे पदूच काहीतरी करत असणार. पोशा तणतणत वर गेला. "पदूबा, उजेड सगळा वरच ठेवून घेतोस काय रं? आमच्याकडं धाडतोस ती राख."

पदूला ते फार लागलं. "उजेड काय मडक्यात भरून ठेवलाय मी? घरात ये आन् धुंडाळ." दोघांचं बोलणं बंद झालं. वाडीत दोन तट पडले. कुणी म्हणालं पत्रा म्हातारा झाला, कुणी म्हणालं पदूच्या सुनेनं त्यावर पापड वाळवले. माझ्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, पण माझ्यातून दुसऱ्यांचा आवाज जातो, माझा नाही.

कर्जतच्या बाजारात ही भांडणाची बातमी टिपणीस साहेबांच्या कानी गेली, आणि तीही वाढवून. दिवा बंद आहे, कुणी वापरत नाही. साहेब एका मदतनिसाला घेऊन आले ते दिवा उतरवून दुसऱ्या वाडीला द्यायलाच. बिचारे चढण चढून दमले होते. पदूच्या ओटीवर बसून पाणी प्यायले आणि म्हणाले, "मी दिवा बसवला तो तुम्ही संध्याकाळी बसून शिकावं म्हणून. वर्ग एक दिवसही भरला नाही. असं का?"

पदू म्हणाला, "साहेब, सोयरात कसं बसायचं?"

"कोण सोयरात?"

"दिवाच सोयराचा. तुमीच सांगितलं ना."

साहेबांना समजायला वेळ लागला. एकेकानं सांगितलं, तसतसं त्यांच्या तोंडावर आधी हसू आलं, मग ते मावळलं. ते हळू म्हणाले, "सौर म्हणजे सूर्याचा. उन्हावर चालणारा. सोयर नव्हे."

दोन-तीन बाप्ये हसले. चंद्राबाई हसली नाही. "म्हंजे आमच्या बाळंतिनीसाठी कुनी दिलाच नवता म्हना," ती म्हणाली. तिनं ते रागानं म्हटलं असतं तर बरं झालं असतं. साहेबांनी चष्मा काढला आणि सदऱ्याला पुसत राहिले.

तेवढ्यात मंगळी पुढे आली. जड पावलांनी खालून चढून आली होती. "साहेब, नावाचं काय ते तुमी बघा," ती म्हणाली. "माझं पयलं लेकरू अंधारात गेलं. मला दिवा पायजे. आन् तो लागत नाय."

साहेबांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "तुझं घर कुठं आहे? दाखव."

त्यांनी पिशवीतून काटा असलेलं एक छोटं मीटर काढलं. आधी पदूच्या घरातल्या बॅटरीला लावलं. काटा टणकन वर गेला. मग ते माझ्या कडेकडेनं उतरत खाली आले, सांध्यावर हात ठेवून बघत, वळशावर मान हलवत. मंगळीच्या घरात दिवा जोडून मीटर लावलं, तर काटा अर्ध्यावरसुद्धा चढला नाही. ते पोशाला म्हणाले, "बॅटरी ठणठणीत आहे. पत्राही. पदूबानं काही केलेलं नाही. ही वायर बघ."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. खरं सांगू, इतकी वर्षं कुणी बघत नाही म्हणून मी कुढत होते, आणि बघितलं ते असं.

पण साहेबांच्या बोलण्यात राग नव्हता. ते म्हणाले, "पोशा, तू माथेरानची वाट चढतोस. एका माणसाच्या रुंदीची पायवाट आहे आणि डोक्यावर बोजे घेतलेली पुष्कळ माणसं एकदम निघाली, तर काय होईल?"

"एकाला एक घासंल. थांबत थांबत जातील," पोशा म्हणाला. "वाट लांब असंल तर वर पोचंपर्यंत दम जाईल."

"तेच हिच्यात होतंय. गाण्याला हिची रुंदी पुरली असेल, या दिव्याला पुरत नाही. आणि इतकी लांब तर नाहीच नाही. जोर सगळा वाटेत जिरतो."

ते ऐकून मला किती हलकं वाटलं म्हणून सांगू. मी नालायक नव्हते. मी अरुंद होते, एवढंच. दोन्हींत फार फरक आहे.

पोशा उठला आणि वर पदूच्या घरी गेला. सगळे मागोमाग. तो म्हणाला, "पदूबा, मी तुला नाय नाय ते बोललो."

पदू थोडा वेळ तंबाखू मळत राहिला. "बोललास ते बोललास. आता खांबासाठी बांबू तोडायला कोन येनार, ते सांग."

दिवा उतरवायची गोष्ट साहेबांनी पुन्हा काढली नाही. माझा एक हातभर तुकडा तोडून त्यांनी खिशात घातला आणि पोशाला घेऊन ते चौकला निघाले. तुकडा तोडला तरी मी मीच, त्यामुळे तिथलंही मला सगळं कळलं. गजानं तुकडा बघितला आणि कपाळाला हात लावला. "मला वाटलं घरातल्या घरात लावायचीय. वहाळापात्तुर नेली व्हय रं? मग ट्रकच्या बॅटरीला मी अंगठ्याएवढी वायर लावतो ती काय हौस म्हनून?" मग पोशाकडे बघून तो जरा खाली आवाजात म्हणाला, "तू कुठं नेतोस ते मी इचारायला पायजे व्हतं."

आत जाऊन त्यानं जनरेटरची काळी जाड केबल ओढत आणली. लग्नाचा हंगाम तोंडावर आला होता आणि त्याच्याकडे तेवढी एकच होती. साहेब म्हणाले, "तुमचा धंदा?" गजा म्हणाला, "लग्नात कर्णा वाजला नाय म्हनून कुठला नवरा पळून जात नाय. घेऊन जा. हंगामापुरती मी कुनाची तरी मागून आनतो."

दुसऱ्या दिवशी वाडीनं जे काम केलं ते बघायला तुम्ही हवे होतात. माझे सगळे वळसे सोडून पदूच्या घरापासून वहाळापर्यंत सरळ रेषेत बांबू रोवले. पदू आणि पोशा एकाच पहारीनं आळीपाळीनं खड्डे खणत होते. केबल बांबूंवर ताणून बांधली. जिथे जोड द्यायचा तिथे साहेबांनी नुसता पीळ न मारता कथील वितळवून घातलं. घराघरांच्या मधे लाकडी खोके ठोकले आणि त्यांत दिवा जोडायची सोय केली, म्हणजे बाळंतीण कुठल्याही घरात असो, वायर ओढत फिरायला नको. बॅटरीपाशी फ्यूज बसवला. पोशानं विचारलं हे काय, तर साहेब म्हणाले, "वायर तापण्याआधी हा तुटतो. ती वाचते." मला वाटलं, माझ्या वेळी असा एखादा सोबती असता तर.

दिवेलागणीला सगळी वाडी खाली जमली. पोशानं मंगळीच्या घरात दिवा जोडला. ट्यूब एकदा लुकलुकली आणि पांढरी स्वच्छ लागली, जनीच्या घरी लागली होती तशीच, अगदी तशीच. कुडाच्या सारवणातली बोटं दिसायला लागली. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. चंद्राबाई आत गेली, कनवटीचा पांढरा दोरा काढला, ज्यानं ती नाळ बांधते तो. दिव्याखाली धरून तिनं गाठ मारली, सोडली, पुन्हा मारली. मग मंगळीकडे बघून म्हणाली, "दिसतंय गं मला."

मंगळीनं तेव्हा पहिल्यांदा मोठा श्वास सोडला. मी दाराबाहेर भेंडोळं होऊन पडले होते, तरी तो मला ऐकू आला.

साहेब निघताना चंद्राबाईनं त्यांना थांबवलं. "तुमचा वर्ग का फिर्ग काय तो घ्या. सोयर पाच दिसांचं. फिटलं की मी दिव्यावर हळदीचं पानी शिपडीन, मंग बसतील समदी." साहेब म्हणाले, "आणि मी त्या दिव्याचं नाव बदलत नाही." तेव्हा ती हसली.

शिमग्याच्या आधीच्या आयतवारी, म्हणजे रविवारी, तिसऱ्या प्रहरी मंगळीच्या पोटात कळा सुरू झाल्या. बाहेर लखलखीत ऊन होतं आणि आत तरीही काळोख, म्हणून दिवा लावला. पोशा अंगणात फेऱ्या घालत होता. पदू त्याच्याबरोबर फेऱ्या घालत होता, म्हाताऱ्याला काही काम नव्हतं तरी. मी कोपऱ्यात पडल्या पडल्या त्या काळ्या केबलकडे बघत होते. तिच्यातून उजेड कसा सहज चालला होता. मला तिचा हेवा वाटायला हवा होता. मी मात्र मनातल्या मनात म्हणत होते, बाई गं, थकू नकोस, आणखी थोडं.

आतून चंद्राबाईचा आवाज आला, एकदम कडक. "थांब मंगळी. जोर नको करू. थांब म्हनते ना." मग काहीच नाही. पोशा जागच्या जागी उभा राहिला.

आणि मग रडणं ऐकू आलं. बारीक, चिरकं, रागावलेलं. मी इतकी गाणी वाहिली, पण तसं गाणं माझ्यातून कधी गेलं नव्हतं.

थोड्या वेळानं चंद्राबाई दारात आली, हात पुसत. "पोरगी हाय," ती म्हणाली. "ह्या येळेला बी गळ्यात नाळ व्हती. दोन येढं." ती उंबऱ्यावर खाली बसली. "दिसली मला. बोट घालून सोडवली." एवढं बोलून ती पदरात तोंड घालून रडायला लागली, आणि तिचं रडणं थांबेपर्यंत पदू तिच्याजवळ बसून राहिला.

आयतवारी जन्मली म्हणून मुलीचं नाव आयती. टिपणीस साहेबांना ते कळलं तेव्हा ते म्हणाले, रविवार म्हणजे सूर्याचाच वार. पोशा सगळ्यांना सांगत फिरायचा, "नाव आयती, पन मिळाली कुठं आयती?"

आता माझं काय झालं ते सांगते. पोशा मला जाळून प्लास्टिक काढणार होता आणि आतलं तांबं भंगारात देणार होता. त्यानं काटक्याही गोळा केल्या होत्या. मंगळी लेकीला पाजत होती. ती म्हणाली, "तिला नका जाळू. तिच्यानं झालं नाय, पन तिनं लय केलं." आणि तिनंच मला दाराच्या खांबापासून हेदाच्या झाडापर्यंत बांधून घेतलं.

तेव्हापासून मी इथे आहे. पहिल्यांदा माझ्यावर वाळलं ते आयतीचं दुपटं. मित्रांनो, ऊन माझ्या पोटातून त्या घरापर्यंत पोचवायला मी किती धडपडले, आणि जमलं नाही. आता ऊन आपण होऊन माझ्यावर येतं आणि त्या घरातले कपडे वाळवून जातं. माझ्याच्यानं होईल एवढं काम मला मिळालं आहे, आणि मी सुखात आहे.

तुमच्या घरातही माझ्यासारखं कुणी असेल. एखादी वायर, एखादा खांब, एखादं माणूस. चालेनासं झालं की लगेच त्याला मोडकं म्हणू नका. त्याच्यावर आपण काय लादलंय आणि ते किती लांब न्यायला सांगितलंय, एवढं आधी विचारा.

परवा आयती अंगणात खेळत होती. आता ती चांगली पळती झाली आहे. तिनं उडी मारून मला धरलं आणि लागली लोंबकळायला. माझे जुने सांधे करकरले. घरातून मंगळीचा आवाज आला.

"आयते, सोड गं तिला. तुझ्यासाठी लय ताणलंय तिला आदीच."